भात्यातली हवा

रोसेंदो इन्साउर्राल्दे सांगायला बसला
तेव्हा आधी त्यानं बूट काढले.
गोया गावात, पाराना नदीच्या काठी,
जानेवारीच्या चाळीस अंश उकाड्यात
लोकरीचे मोजे, एकावर एक दोन.
"पायांना अजून कळलेलं नाही," म्हणाला,
"की आपण परत आलोय."

मी वहीत उतरवून घेतलं.
ओळ चांगली होती. ती इतक्या पटकन
चांगली वाटली, याची लाज वाटली.

आमचं काम असं:
तो बोलणार, मी शब्द लावणार,
एदेल्मिरा अकॉर्डियनवर चाल बांधणार,
आणि मार्चअखेर माजी सैनिकांच्या हॉलमध्ये
त्याचं गाणं त्याच्यासमोर म्हणायचं.
नऊ माणसं, नऊ गाणी. हा सातवा.

तेव्हा एकोणीस वर्षांचा. संत्र्यांच्या बागेत कामाला.
थंडी म्हणजे पहाटेचं दव, एवढीच ओळख.
बेटावर उतरवलं, फावडं दिलं,
"खड्डा खणला की तासाभरात त्याची विहीर व्हायची.
आम्ही विहिरीत राहायचो, दोन महिने."
शेजारच्या विहिरीत सिंफोरोसो, त्याच्याच गल्लीतला.
रात्री दोघं ग्वारानीत बोलायचे,
सार्जंटला कळू नये म्हणून,
आणि त्या भाषेतल्या शिव्या जरा उबदार म्हणूनही.
काय बोलायचात?
"जेवणाचं."
आणखी?
"जेवणाचंच."

मग तो जूनमधल्या एका रात्रीपाशी आला
आणि मातेच्या तुंब्यात गरम पाणी ओतत राहिला,
तुंबा भरून वाहू लागला तरी.

पहिल्या खर्ड्यात मी 'वीर' लिहिलं, 'धीर' जुळत होता म्हणून.
त्यानं चष्मा लावून वाचलं. "हा कोण?"
तुम्ही.
"छे. हा चौकातला पुतळा. याच्यावर कबुतरं बसतात."
दुसऱ्या खर्ड्यात आई आणली, चुलीपाशी वाट बघणारी.
"आई ठेवा हवी तर,
पण आमच्याकडे गॅस होता."

तिसऱ्या वेळी माझ्याकडे काहीच नव्हतं.
एदेल्मिरानं पट्टे खांद्यावर घेतले,
कडी काढली, आणि एकही पट्टी न दाबता
भाता नुसता उघडला.
सूर नाही. फक्त हवा, आत जाणारी,
लांब, रिकामी, घोगरी.

रोसेंदोनं मान वर केली.
"हे. हेच. परत करा."
तिनं केलं.
"रात्रभर हे होतं.
सिंफोरोसो बोलायचा थांबला, त्याच्यानंतरही.
मी ग्वारानीत हाका मारतोय
आणि पलीकडून उत्तर हे."
एदेल्मिराचा हात थरथरत होता, तरी भाता मिटेना ती.
मीच शेवटी खिडकी लावायला उठले.
वारा कुठेच नव्हता.

गाण्याची दोन कडवी जेवणाची झाली:
चीज घातलेला पाव, राखेत भाजलेला कसावा,
नदीतला मासा, त्यावर लिंबू.
तिसरं कडवं मी लिहिलं नाही.
(पैसे मात्र पूर्ण गाण्याचे घेतले.)
तिथे भाता उघडतो आणि मिटतो, आठ वेळा.
हॉलमध्ये कुणाला वाटलं, वाजवणारी विसरली;
मागून एक टाळी आली, मग तीही ओशाळली.
पुढच्या रांगेतले म्हातारे
जमिनीकडे बघत होते, आपापल्या बुटांकडे.

नंतर रोसेंदो मला गाठून म्हणाला,
दुसऱ्या कडव्यात एक चूक आहे.
त्याला सुरुबी आवडायचा. तुम्ही दोरादो लिहिलाय.
म्हटलं, सुरुबी यमकात बसत नव्हता.
"सिंफोरोसोही नसायचा बसत," तो म्हणाला,
"कुठेच. सारखा फिरत असायचा.
बदला ते."